देऊळ हाडामांसाचं (भाग 6) : वीतभर खाली बांधलेलं नेट

गेल्या आठवड्यात उपवासकाळावर लिहिलं, पण फोन आले ते वेगळ्याच विषयावर. परंड्याच्या एका ताईंचा प्रश्न तर आठवडाभर मनातून जाईना. त्या म्हणाल्या, "भाऊ, दर रविवारी ऐकतो की आपलं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. मग आमच्या मंडळीत ज्या घरात बघावं त्या घरात शुगरच्या गोळ्यांची पाकिटं कशी?" आजचा भाग त्यांच्या या प्रश्नासाठी.

मंदिराची ही शिकवण पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. आपण ती बहुतेक वेळा एकेकट्यानं वाचतो. माझं शरीर, माझं मंदिर, म्हणून मी दारू-तंबाखूपासून लांब राहायचं. ते बरोबरच आहे. पण मूळ ग्रीकमध्ये 'तुमचं' हा शब्द अनेकवचनी आहे. मराठीत 'तुमचं' म्हटलं की ते एकाला आदरानं म्हटलं की दहाजणांना मिळून, हे नुसत्या शब्दावरून कळत नाही. इथंच आपला वाचताना पाय घसरतो. पौल लिहीत होता ते एका भांडखोर मंडळीला. प्रभुभोजनाला जमल्यावरही तिथं एकाचं पोट तुडुंब आणि दुसरा उपाशी, अशी परिस्थिती होती आणि त्याच पत्रात पुढं तो त्यावर चांगलाच चिडलेला आहे. अशा लोकांना सांगितलेलं हे मंदिर माझ्या एकट्याच्या कातडीपाशी संपेल कसं? शेजारच्या पोरीचं घसरलेलं हिमोग्लोबिन आणि वस्तीवरच्या म्हातारीचा न मोजलेला बीपी हेही त्याच देवळाचे कोपरे आहेत.

व्यायामाचा विषय काढला की आपल्याकडं कुणी ना कुणी तीमथ्याचं पत्र पुढं करतं. शरीराच्या कसरतीचा फायदा थोडा, सुभक्तीचा मोठा, असं पौलानंच म्हटलंय ना? म्हटलंय. पण थोडा म्हणजे काहीच नाही, असं त्यानं म्हटलेलं नाही. आणि याच पत्रात पुढच्याच अध्यायात तो तीमथ्याच्या पोटाची चौकशी करतो, वारंवार आजारी पडतोस म्हणून त्याला उपायही सांगतो. शिष्याच्या पचनाची काळजी वाहणारा गुरू शरीराला तुच्छ लेखत असेल, हे मला पटत नाही.

त्याहून मला जवळची वाटते ती एलीयाची गोष्ट. राजांच्या पहिल्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात. हा एवढा मोठा संदेष्टा जिवाच्या भीतीनं रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि आता मला मरण दे म्हणून देवाची विनवणी करतो. देव त्याला लगेच उपदेश करत नाही. आधी त्याला झोपू देतो. मग दूत येऊन उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलेलं असतं. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दूत त्याला दुसऱ्यांदा उठवून खाऊ घालतो आणि मग लांबच्या वाटेला लावतो. देवाचा आवाज त्याला ऐकू येतो तो यानंतर, पर्वतावर. झोप, भाकर, पाणी, चालणं हा तिथला क्रम आहे. ज्या जिल्ह्यात कर्जानं आणि दुष्काळानं खचलेल्या कितीतरी शेतकऱ्यांनी स्वतःला संपवलं, त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक पाळकानं हा अध्याय वर्षातून एकदा तरी उपदेशाला घ्यावा असं मला कळकळीनं वाटतं. खचलेल्या माणसाच्या घरी जाताना पवित्र शास्त्राबरोबर जेवणाचा डबाही घेऊन जावा. तो किती दिवस झोपलेला नाही हे विचारावं आणि त्याला बरोबर घेऊन डॉक्टरकडं जावं.

ही शिकवण आपल्या उंबऱ्यावर कुणी जगून दाखवली असेल, तर ती जामखेडला. भूमहून खर्ड्याच्या वाटेनं निघालं की पुढं जामखेड. जिल्हा बदलतो, ज्वारी, काळी माती आणि पाण्याची ओढ तीच राहते. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं जोडपं. 1960 मध्ये लग्न करतानाच दोघांनी आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचं ठरवलं होतं. आधी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केलं. तिथं एक गोष्ट त्यांना छळू लागली. बरा करून घरी पाठवलेला पेशंट काही दिवसांनी त्याच दुखण्यानं परत येई. दुखण्याचं मूळ गावात होतं. पिण्याचं पाणी, मुलांची उपासमार, शिवाशीव आणि बाईला घरात नसलेली किंमत यांवर दवाखान्यात औषध मिळणार कुठून? मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून ते परतले आणि 1970 मध्ये जामखेडला त्यांनी काम मांडलं.

गावोगावच्या बायका त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित. गावानं निवडायचं आणि जामखेडला येऊन शिकायचं. हगवणीनं सुकलेल्या लेकराला लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजायचं, बाळंतपणाआधी हात कसे धुवायचे, सहा महिन्यांच्या बाळाला वरचं अन्न काय द्यायचं, असं ते शिक्षण. 1971 मध्ये त्या गावांत जन्मलेल्या हजार बाळांपैकी 176 वर्षाच्या आत दगावत. पाच वर्षांत तो आकडा 52 वर आला. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1988 मध्ये मुक्ताबाई पोळ ही त्यांच्यातलीच एक आरोग्यसेविका वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलली. सभागृहातली झुंबरं तिनं दाखवली आणि डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत असं सांगितलं. झुंबर सुंदर असतं, पण महाग असतं आणि हाताला लागत नाही. आपण पणती, एका पणतीवरून दुसरी पेटते, असा तिच्या बोलण्याचा आशय होता.

जामखेडच्या या कथेतला माझ्या विषयाचा भाग मात्र आरोग्यसेविकांच्या थोडा आधीचा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. गावातले पुरुष डॉक्टरांच्या सभेला येत नसत. तेव्हा डॉ. आरोळे गावात जाऊन तरुणांबरोबर व्हॉलीबॉल खेळू लागले. वेगवेगळ्या जातींची पोरं एका बाजूनं खेळू लागली. खेळ संपला की तिथंच बसून गप्पा. गप्पांतून विहिरी, बियाणं, जनावरं, मुलांचं खाणं. पुढं गावोगावी शेतकरी मंडळं उभी राहिली, त्यांची सुरुवात अशी झाली. कुस्तीत किंवा कबड्डीत माणूस दुसऱ्या बाजूच्या माणसाच्या अंगाला भिडतो. व्हॉलीबॉलमध्ये मध्ये नेट असतं आणि तुम्हाला सांभाळायचं असतं ते आपल्या बाजूच्या माणसाला. कुणालाही लागोपाठ दोनदा चेंडू मारता येत नाही, शेजाऱ्याकडं द्यावाच लागतो. ज्याच्या हातचं पाणी चालत नाही त्याच्या हातचा पास घ्यायचा, हे त्या काळी त्या गावांत लहान काम नव्हतं.

आणि हा खेळ जन्माला आला तोच मुळी एका ख्रिस्ती संघात. 1844 मध्ये लंडनच्या कापड दुकानात काम करणाऱ्या जॉर्ज विल्यम्सनं आपल्यासारख्या तरुण नोकरांसाठी वायएमसीए सुरू केली. पुढं अमेरिकेत तिनं आत्मा, मन आणि शरीर अशा तीन बाजूंचा त्रिकोण आपली खूण म्हणून घेतला. 1891 मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथनं बास्केटबॉल काढला. पण तो खेळताना वयस्क मंडळींना धाप लागे. म्हणून 1895 मध्ये होल्योक गावच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गननं थोडा सौम्य खेळ बसवला. त्याचाच पुढं व्हॉलीबॉल झाला. पोट सुटलेल्या, वय झालेल्या माणसांनाही खेळता यावं ही त्यामागची कळकळ. आपल्या मंडळीतल्या पन्नाशीच्या काकांना हे मी मुद्दाम सांगतो.

आता परंड्याच्या ताईंच्या प्रश्नाकडं. शुगर ही पापाची शिक्षा नाही, हे आधी स्वच्छ सांगतो. ती घराण्यातून येते, वयानं येते, आणि बसून राहिल्यानं वाढते. आपले आजोबा ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि अंबाडीची भाजी खाऊन दिवसभर औतामागं चालत. आज नांगरट ट्रॅक्टर करतो, शेतात मोटरसायकल जाते आणि चहा दिवसातून पाच वेळा होतो. चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनची फारशी वाट बघत नाहीत. जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांच्या फेरीचं मोल इथं आहे. आठवड्याला एकूण 150 मिनिटं दमदार चालणं, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप. आपल्या जिल्ह्यात चालणं ही भक्ती आहे हे कुणी शिकवायला नको. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला अनवाणी निघालेली माणसं आपण लहानपणापासून बघतो.

गोळ्यांबद्दल मात्र हात जोडून विनंती आहे. प्रार्थना झाली म्हणून शुगरची किंवा बीपीची गोळी बंद केलेली माणसं मी बघितली आहेत. त्यातल्या एका आजोबांच्या पायाची दोन बोटं गेली. लूक शुभवर्तमान लिहिणारा होता आणि वैद्यही होता. एकासाठी दुसरं सोडावं असं त्याला कुणी सांगितल्याचं पवित्र शास्त्रात कुठंही नाही. प्रार्थना करा, गोळी घ्या, आणि बंद करायची की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या.

जामखेडसारख्या कामाला ख्रिस्तीच असावं लागतं असं नाही. आपल्याच जिल्ह्यात, अणदूरला, डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना 'भारतवैद्य' म्हणून उभं केलं. मंडळीनं अशा कामाला उपासनेनंतरचा आपला हॉल उघडून द्यावा. बीपीचं मशीन एक पुरे. मोजायला शिकलेली दोन तरुण पोरं पुरेत.

भूम तालुक्यातल्या एका वस्तीवर गेल्या महिन्यात मी एक संध्याकाळ काढली. चर्चच्या मागं मोकळी जागा, एका बाजूला कडुलिंब, दुसऱ्या बाजूला रोवलेला बांबू, मध्ये ठिगळं लावलेलं नेट. तरुण संघातली पोरं आणि गावातली बाकीची पोरं मिसळून खेळत होती. कोण कुठल्या घरचा ते विचारावं लागलं असतं. महिला मंडळाची बैठक संपली तशा सात-आठजणी कडेला येऊन उभ्या राहिल्या. पाळकबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "आम्हालाबी येऊ द्या की." पोरं हसली नाहीत. त्यांच्यातल्या एकाला नियम माहीत होता: पुरुषांचं नेट 2.43 मीटरवर, बायकांचं 2.24 वर. तो कडुलिंबावर चढला, गाठ सोडली आणि दोरी वीतभर खाली घेतली. पहिली सर्व्हिस नेटमध्ये अडकली. दुसरी पलीकडं गेली, तेव्हा कडेला बसलेल्या एका आजींनी काठी बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात : झोप आणि शब्बाथ.