संच आपला, वाट सर्वांची

बंगळूरमधील चामराजपेट ही म्हैसूर संस्थानच्या काळात, १८९२ साली, आखून वसवलेली पेठ. दहावे चामराज वडेयर महाराज यांचे नाव तिला मिळाले. सरळ रेषेत गेलेले मुख्य रस्ते, त्यांना छेदणारे आडवे रस्ते आणि प्रत्येकाला क्रमांक. ‘अमुक मेन, तमुक क्रॉस’ एवढे लिहिले की पत्र बरोबर दारात येते. घर कौलारू असो की चारमजली, आत कन्नड बोलत असोत, उर्दू, तमिळ की मराठी. रस्ता सर्वांचा एकच. मित्राच्या घरी जायचे तर आपले घरही त्याच्याच कंत्राटदाराने बांधलेले असले पाहिजे, अशी अट कुणी घालत नाही.

मोबाइलवरून निरोप पाठवायचा तर मात्र बहुधा नेमकी हीच अट असते. समजा, चामराजपेटेत एक मराठी आजी राहते आणि तिचा नातू पुण्यात शिकतो. नातवाने एक ॲप सोडून दुसरे घेतले, की आजीलाही तेच घ्यावे लागते. आणि कंपनीने दुकानच बंद केले तर? याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ रोजी बंद झाला. ५ मे २०२५ रोजी स्काइप बंद झाले. परदेशातील मुलांचे तोंड दिसावे म्हणून जिद्दीने स्काइप शिकलेल्या आईवडिलांना पुन्हा नव्याने धडे गिरवावे लागले.

यावर काही उपाय आहे का? आहे, आणि तो पंचवीस वर्षांहून अधिक जुना आहे.

आयोवातील तरुणाची कटकट

अमेरिकेतील आयोवा राज्यात राहणारा जेरेमी मिलर हा तरुण १९९८ साली एका साध्या कटकटीने वैतागला होता. त्याचे मित्र वेगवेगळ्या कंपन्यांच्या निरोपसेवा वापरत. सर्वांशी बोलायचे तर संगणकावर तितके कार्यक्रम उघडे ठेवावे लागत. त्याने निरोप पाठवण्याची एक खुली पद्धत आखायला घेतली आणि जानेवारी १९९९ मध्ये ती ‘जॅबर’ या नावाने जाहीर केली. पुढे २००४ साली इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने तिला मान्यता दिली आणि ती ‘एक्सएमपीपी’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

तिची कल्पना ई-मेलसारखी आहे. प्रत्येकाचा पत्ता असतो: आधी आपले नाव, मग ‘ॲट’ची खूण, मग आपले खाते जिथे आहे त्या सर्व्हरचे नाव. निरोप आपल्या सर्व्हरवरून समोरच्याच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून त्याच्या हातात. सर्व्हर कुणीही चालवावा, हातातले ॲप कुणीही लिहावे; नियम पाळले की झाले. या हातातल्या ॲपलाच संगणकाच्या भाषेत ‘क्लायंट’ म्हणतात.

जुन्या टेलिफोनची आठवण काढली तर हे चटकन समजेल. एके काळी आपल्या घरोघरचे संच बंगळूरच्याच इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये तयार होत. १९८० च्या दशकात खासगी कंपन्यांनाही संच बनवण्याची मोकळीक मिळाली आणि चकती फिरवायच्या फोनजागी बटणांचे फोन आले. पण संच बदलला म्हणून नंबर बदलला नाही. क्लायंट म्हणजे तो संच, आणि एक्सएमपीपी म्हणजे खांबावरून गेलेली तार.

बेळगावचा धागा

या विषयात एक मराठी नाव आवर्जून घ्यायला हवे. अतुल चिटणीस यांचा जन्म १९६२ साली बर्लिनचा; अभियांत्रिकीचे शिक्षण बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये; कर्मभूमी बंगळूर. इंटरनेट आपल्याकडे सर्वसामान्यांना मिळण्याच्या कितीतरी आधी, १९८९ च्या सुमारास, त्यांनी बंगळूरमध्ये ‘सिक्स’ नावाचा संगणकीय फलक सुरू केला. टेलिफोनला मोडेम जोडून लोक तिथे निरोप ठेवत आणि वाचत. १९९६ साली ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने लिनक्सची तबकडी वाचकांच्या हाती दिली, त्यामागेही चिटणीस होते. २००१ पासून बंगळूरमध्ये काही वर्षे भरलेली मुक्त संगणक-प्रणालीची परिषद त्यांनीच उभी केली होती. तिथे त्यांचा आग्रह एकच असे: नुसते वापरू नका, लिहायला बसा.

चिटणीस काही काळ मुंबईच्या जिओडेसिक या कंपनीतही वरिष्ठ पदावर होते. या कंपनीचे ‘मुंडू’ हे निरोपांचे ॲप त्या काळी नावाजले होते. याहू, एमएसएन, गूगल टॉक अशा निरनिराळ्या सेवांवरचे मित्र ते एकाच यादीत आणून बसवी. पण यातील बहुतेक सेवा बंदिस्त होत्या. मालकाने आपली पद्धत बदलली, की बाहेरच्या ॲपला पुन्हा धावाधाव करावी लागे. चिटणीस २०१३ साली निवर्तले. मुंडूही आता राहिलेले नाही आणि ज्यांना ते जोडत होते त्या सेवाही गेल्या. खुली पद्धत मात्र अजून चालू आहे.

क्लायंट लिहायचा म्हणजे काय?

सुरुवात सोपी असते. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करायची, परिचितांची यादी मागवायची, कोण हजर आहे ते दाखवायचे आणि मजकूर पोचवायचा. प्रत्येक निरोप हा साध्या अक्षरांत लिहिलेल्या पाकिटासारखा असतो: कुणाकडून, कुणाला, आत काय. मजकूर युनिकोडमध्येच पाठवायचा, असा नियमच आहे. एका फाँटमध्ये लिहिलेले मराठी दुसऱ्या संगणकावर अगम्य खुणांसारखे दिसे, ते दिवस ज्यांना आठवतात त्यांना या नियमाचे मोल कळेल. इथे ‘ळ’ हा ‘ळ’च राहतो.

खरी परीक्षा पुढे असते. तोच निरोप फोनवर आणि संगणकावर, दोन्हीकडे दिसला पाहिजे. फोनची बॅटरी संपता कामा नये. आणि मधल्या सर्व्हरलाही मजकूर वाचता येऊ नये. यासाठी मूळ नियमांना चारशेहून अधिक पुरवण्या जोडल्या गेल्या आहेत. त्यातील कोणत्या पाळायच्या, हे ज्याने त्याने ठरवायचे. म्हणूनच दोन क्लायंट कधी कधी एकमेकांचे अर्धेच ऐकतात. जर्मनीच्या डॅनियल गुल्टश याने २०१४ साली अँड्रॉइडसाठी ‘कॉन्व्हर्सेशन्स’ हा क्लायंट आणला आणि मोबाइलवर ही पद्धत नीट चालू शकते हे दाखवून दिले. निरोप कुलूपबंद करण्याची ‘ओमेमो’ ही रीत २०१५ साली याच क्लायंटमध्ये प्रथम आली.

मोठ्यांनी घेतले आणि सोडले

गूगलने २००५ साली आपला टॉक याच पद्धतीवर उभारला आणि २००६ मध्ये इतर सर्व्हरांसाठी दारही उघडले. २०१३ पासून ते दार लोटले जाऊ लागले आणि २०२२ साली गूगल टॉक पुरता संपला. व्हॉट्सॲपचा पायाही याच पद्धतीवर रचलेला, पण कुंपण सुरुवातीपासूनच. युरोपीय संघाने २०२२ साली कायदा करून अशा बड्या कंपन्यांना इतर सेवांसाठी फाटक उघडणे भाग पाडले. आपल्याकडे तसा कायदा नाही.

मात्र भारतात एक वेगळा प्रयत्न सुरू झाला आहे. ‘प्राव’, म्हणजे मल्याळममध्ये कबूतर, या नावाचे एक्सएमपीपी ॲप काही कार्यकर्त्यांनी पुढे आणले. वापरणारेच त्याचे मालक असावेत, संस्था सहकारी तत्त्वावर चालावी, हे त्यांचे उद्दिष्ट आहे. साखर कारखाने आणि दूध संघ सहकारातून उभे राहिलेले पाहणाऱ्या मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. सहकारात काय चालते आणि काय बिघडते, दोन्ही त्याला ठाऊक आहे.

अर्थात, अडचणी आहेतच. सर्व्हर कुणीतरी चालवावा लागतो, त्याला खर्च येतो. मजकूर कुलूपबंद असला तरी कोण कुणाशी बोलले, हे सर्व्हर चालवणाऱ्याला दिसू शकते. म्हणून तो विश्वासातला हवा. आणि सगळे नातेवाईक दुसरीकडे असताना एकट्याने नवी वाट धरून उपयोग नाही. ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी घरातील दोघा-तिघांपासून सुरुवात करावी. जुने ॲप लगेच काढून टाकण्याची गरज नाही.

मग चामराजपेटेतील आजी मोठ्या अक्षरांचा साधा क्लायंट घेईल, पुण्याचा नातू संगणकावरचा भारी क्लायंट घेईल. उद्या यातील एखादा बंद पडला तर दुसरा आणता येईल, आणि जुन्याच पत्त्यावर आजीचा प्रश्न येईल: ‘जेवलास का रे?’