प्रतिकृतींवरील धातुसदृश रंगकाम

प्रतिकृतींवरील धातुसदृश रंगकाम म्हणजे विमाने, मोटारी, आगगाडीची इंजिने इत्यादींच्या प्लास्टिकच्या लघुप्रतिकृतींना उघड्या धातूचे किंवा क्रोमचे रूप देण्याची प्रक्रिया होय. या कामातील मुख्य अडचण अशी की, जो थर सर्वाधिक चमकतो तोच बहुधा सर्वांत कच्चा असतो. नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे बांधल्या गेलेल्या मिग-२१ विमानाची प्रतिकृती हे या रंगकामाचे चांगले उदाहरण आहे.

रंगाची रचना

चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म, चपटे कण असतात. काही रंगांत या कणांवर स्टिअरिक आम्लाचा लेप असतो. असे कण ओल्या रंगात वर तरंगतात आणि कौलांप्रमाणे एकमेकांवर आडवे पसरतात. त्यामुळे चमक उत्तम येते. परंतु कणांना धरून ठेवणारे राळेसारखे द्रव्य त्यांच्यावर फारसे उरत नसल्याने ते बोटालाही लागतात. लेप नसलेले कण थरात सर्वत्र विखुरलेले व बंदिस्त राहतात. त्यांची चमक कमी असते, पण टिकाऊपणा अधिक असतो.

कणांचा आकारही महत्त्वाचा आहे. ३० मायक्रॉनचा कण १:७२ प्रमाणातील प्रतिकृतीवर असल्यास मूळ विमानाच्या मापात तो २ मिलिमीटरहून मोठा ठरतो. साध्या चंदेरी रंगाने रंगवलेले विमान पत्र्याचे न वाटता चमकी लावल्यासारखे दिसते, ते यामुळेच. प्रतिकृतींसाठी बनवलेल्या ॲल्क्लॅडसारख्या लॅकर रंगांत कण फार बारीक असतात.

क्रोम

आरशासारखी चमक रंगापेक्षा खालच्या पृष्ठभागावर अधिक अवलंबून असते. क्रोमचा थर इतका पातळ असतो की, प्रायमरमधील बारीकसा ओरखडाही वर उमटतो. म्हणून प्लास्टिक बारीक पॉलिश पेपरने ओले घासून त्यावर चकचकीत काळा रंग देतात व तो पूर्ण कडक होऊ देतात. काळा थर कणांच्या फटींतून शिरलेला प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे प्रतिबिंब खोल दिसते. त्यानंतर एअरब्रशने, कमी दाबावर, क्रोमचे विरळ हात दिले जातात. येथे हात आवरणे हेच कौशल्य. जाड थर दिल्यास आरशाऐवजी करडा रंग मिळतो.

मोटारींच्या संचांत बंपरसारखे भाग क्रोम चढवूनच येतात. निर्वात कक्षात ॲल्युमिनियमची वाफ करून ती लॅकर लावलेल्या प्लास्टिकवर साठवलेली असते. भाग चौकटीतून कापल्यावर तेथे उघडे प्लास्टिक दिसते आणि ती जागा रंगानेच झाकावी लागते. धातूच्या थरावर प्लास्टिक विरघळवणारा गोंद धरत नाही, म्हणून जोडाच्या जागी तो थर आधी खरवडून काढतात.

संरक्षक थर

क्रोमवर पारदर्शक लॅकर दिल्यास त्यातील द्रावक कणांची मांडणी विस्कटतो व चमक मंदावते. पाण्यावर आधारित पारदर्शक थर तुलनेने कमी हानी करतो. मात्र चमक थोडीही कमी होणार नाही, याची खात्री कोणताच थर देत नाही. म्हणून आधी प्लास्टिकच्या चमच्यावर चाचणी घेण्याची पद्धत आहे. क्रोमचे भाग अनेकदा शेवटी रंगवून बसवतात आणि उघडेच ठेवतात; असे भाग हाताळताना हातमोजे वापरतात.

हवामानाचा परिणाम

नाशिकसारख्या ठिकाणी पावसाळ्यातील दमट हवेत लॅकर फवारल्यास द्रावक वेगाने उडून पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प जमते आणि थर दुधाळ पडतो. उन्हाळ्यात याउलट रंगाचे थेंब हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. सावकाश उडणारे थिनर दोन्ही वेळी उपयोगी पडते. लॅकरची वाफ विषारी असल्याने हवेशीर जागा आणि योग्य गाळणी असलेला मास्क आवश्यक असतो.

मिग-२१ चे उदाहरण

हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा ओझर येथील कारखाना मिग-२१ च्या परवानाप्राप्त उत्पादनासाठी १९६४ साली स्थापन झाला. नाशिककरांच्या बोलण्यात ते ठिकाण आजही ‘ओझर मिग’ आहे. भारतीय हवाई दलात मिग-२१ ची पहिली तुकडी १९६३ साली उभी राहिली आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी हे विमान सेवेतून निवृत्त झाले.

आरंभीची मिग-२१ एफएल विमाने रुपेरी होती, पण क्रोमसारखी नव्हती. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पारदर्शक लॅकर असल्याने त्यांची चमक मंद, किंचित करडी दिसे. प्रतिकृतीला आरशासारखी झळाळी देणे ही नवोदितांकडून वारंवार होणारी चूक आहे. येथे टिकाऊ, कण बंदिस्त असलेला रंग अचूकही ठरतो. तामियाचा एएस-१२ हा फवारा त्याच जातीचा मानला जातो. शेपटीकडील, इंजिनाच्या उष्णतेने रंग बदललेले पत्रे वेगळ्या छटेत दाखवतात. त्यासाठी मास्किंग टेप आधी तळहातावर चिकटवून तिचा चिकटपणा कमी करतात, नाहीतर ती खालचा रंग उचलते. नाकावरील शंकू आणि शेपटीचे टोक धातूचे नसल्याने ते साध्या रंगानेच रंगवले जातात.

१९७१ च्या युद्धाच्या सुमारास अनेक विमानांवर छद्मरंग चढला. तो झिजून खालचा पत्रा डोकावतो आहे, असे दाखवायचे असल्यास हिरवा रंग ओल्या कुंचल्याने घासून काढावा लागतो आणि तेव्हा चंदेरी थराची खरी परीक्षा होते.