बर्फाचं वजन आणि झाडांची आडकाठी

फिनलंडमध्ये आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला सोदानक्युला हे गाव आहे. ऐन हिवाळ्यात तिथं धड उजाडतही नाही. साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह तिथं काय टिपणार? सूक्ष्मलहरींना मात्र सूर्यप्रकाश लागत नाही, आणि ढगही त्यांना फारसे अडवत नाहीत.

जमिनीतून, अगदी गोठलेल्या जमिनीतूनही, सूक्ष्मलहरी सतत बाहेर पडत असतात. वर बर्फ असला की त्याचे कण त्यांना विखुरतात. ३७ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम ८ मिलिमीटर लांब. ती जास्त विखुरते. १९ गिगाहर्ट्झची लहर तिच्या दुप्पट लांब, ती बरीचशी निसटून वर पोचते. दोन्हींच्या तीव्रतेतला फरक जितका मोठा, तितका बर्फ जास्त. १९७८ साली निम्बस-७ उपग्रह गेला, तेव्हापासून हिशेब साधारण हाच. यातून काढायचं असतं ते बर्फाचं पाणी किती होईल हे. धरणं सांभाळणाऱ्यांना नुसत्या जाडीचा उपयोग नाही.

यात खोडे बरेच. बर्फ ओलावला की फरक पुसला जातो. पाण्याचा हिशेब १५ सेंटिमीटरच्या आसपास गेला की आकडा पुढे सरकेनासा होतो. त्यात जंगल! पाइन आणि स्प्रूसची झाडं खालचा संकेत अडवतात, वर स्वतःच्या सूक्ष्मलहरी सोडतात.

म्हणून सोदानक्युलाला मनोऱ्यावर उपग्रहासारखेच, सूक्ष्मलहरी मोजणारे रेडिओमीटर बसवलेत आणि शेजारी माणसं फावड्यानं खड्डे खणतात. खड्ड्याच्या उभ्या भिंतीत एकेका थराची घनता, तापमान, कणांचा आकार मोजायचा. जमिनीलगतचे कण खडीसाखरेसारखे टपोरे असतात आणि तेच लहरींना सर्वांत जास्त चकवतात. या साऱ्या यंत्रसामग्रीत मला तरी भरवसा वाटतो तो फावड्याचा.

२०२० साली योउनी पुलियाइनेन आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या नोंदी अशा जमिनीवरच्या मोजणीशी ताडून दुरुस्त केल्या. उत्तर गोलार्धातला मार्चचा बर्फ निघाला सुमारे ३,०६२ अब्ज टन. १९८० ते २०१८ या काळात उत्तर अमेरिकेत तो दर दशकाला ४६ अब्ज टनांनी घटला. युरेशियात मात्र फारसा फरक नाही. डोंगराळ भाग यात धरलेला नाही, म्हणजे हिमालय हिशेबाबाहेरच.

३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून गेलेला ‘निसार’ उपग्रह वेगळ्या वाटेनं जातो. तो स्वतःच लहरी सोडून परतलेल्या लहरी टिपतो. त्याची २४ सेंटिमीटरची एल-बँड लहर पानांतून आत शिरून फांद्या-खोडांपर्यंत पोचते. बर्फ मोजताना जी झाडं आडवी येतात, त्यांचाच इथं अंदाज घ्यायचा आहे.