जुन्या संगणकावर संकेतस्थळ नीट न दिसणे : लक्षणे, निदान व उपाय

वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांत संगणक पोहोचवण्याचा प्रकल्प १९९८ मध्ये सुरू झाला, तेव्हा खेड्यात संगणक ही नवलाईची वस्तू होती. आता सातबारा उतारा, बाजारभाव, हवामानाचा अंदाज, पीकविम्याचा व योजनांचा अर्ज अशी कितीतरी कामे इंटरनेटवर करावी लागतात. अनेक घरांत, विकास सोसायट्यांत व दूध संस्थांत दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक अजूनही वापरात आहे. हिशेब लिहिणे, पत्र टाईप करणे ही कामे तो बिनतक्रार करतो. मात्र इंटरनेटचे पान उघडले की पडद्यावर काळे पट्टे येतात, अक्षरे तुटतात, पान सरकवताना मागची ओळ तशीच चिकटून राहते, तर कधी पान अगदी कोरे दिसते.

पान वाचता आले नाही, एवढ्यावर हे थांबत नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवशी 'सादर करा' हे बटणच दिसले नाही, तर हंगामाचा लाभ हातचा जातो. दुसरे असे, की घाईने संगणक दुकानात नेल्यास मॉनिटर बदलण्याचा किंवा नवा संगणक घेण्याचा सल्ला मिळतो आणि खर्च करूनही दोष जागच्या जागी राहू शकतो. चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडला, तर युरियाचा हप्ता वाढवून पाने हिरवी होत नाहीत, कारण तूट लोहाची असते. संगणकाचेही तसेच आहे. आधी निदान व मग उपाय, हा क्रम पाळल्यास बहुतेक वेळा एक पैसाही खर्च न होता काम भागते.

पान पडद्यावर कसे येते?

संकेतस्थळाचे पान चार टप्प्यांतून आपल्या डोळ्यांपर्यंत येते. पहिला टप्पा म्हणजे खुद्द संकेतस्थळ. तेथून पानाचा मजकूर व मांडणीच्या सूचना येतात. दुसरा टप्पा ब्राउझरचा. क्रोम, फायरफॉक्स, एज हे ब्राउझर होत. ते या सूचना वाचून पानाची मांडणी करतात. तिसरा टप्पा संगणकातील ग्राफिक्स चिप व तिला चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम यांचा. चित्र प्रत्यक्ष रंगवण्याचे काम येथे होते. चौथा टप्पा केबल व मॉनिटर यांचा. पाटाचे पाणी शेतात आले नाही, तर ते कोठे अडले हे आपण पाट धरून चालत जाऊन पाहतो. येथेही तसेच करावयाचे आहे.

निदानासाठी चार परीक्षा

या परीक्षांना पंधरा मिनिटे पुरतात. त्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात.

१) तेच पान मोबाईलवर उघडून पाहावे. तेथेही ते मोडके दिसत असेल, तर दोष संकेतस्थळाकडे असण्याचा संभव अधिक. अशा वेळी संगणकात काही बदल करू नये. थोडा वेळ थांबून पुन्हा पाहावे.

२) ब्राउझर बंद करून इतर प्रोग्राम पाहावेत. हिशेबाचा तक्ता, फोटो, मुख्य पडदा हे सर्व स्वच्छ दिसत असेल आणि दोष फक्त ब्राउझरमध्येच असेल, तर मॉनिटर बहुधा ठीक आहे असे समजावे. संगणक सुरू होताना कंपनीचे नाव दिसते, त्या वेळीही पट्टे किंवा ठिपके दिसत असतील, तर दोष यंत्रात आहे.

३) पडद्याचे चित्र घ्यावे. दोष दिसत असताना कळफलकावरील प्रिंट स्क्रीन ही कळ दाबावी. नंतर पेंट हा प्रोग्राम उघडून कंट्रोल व व्ही या कळा एकत्र दाबाव्यात व चित्र साठवावे. हे चित्र मोबाईलवर घेऊन पाहावे. मोबाईलवरही डाग दिसले, तर बिघाड संगणकाच्या आत, म्हणजे ब्राउझर, ड्रायव्हर किंवा चिप यांत आहे. चित्र स्वच्छ असेल, तर केबल किंवा मॉनिटर तपासावा. मॉनिटर विकत घेण्यापूर्वी ही परीक्षा अवश्य करावी.

४) तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडावे. दुसरा ब्राउझर नसल्यास क्रोम किंवा एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एन या कळा एकत्र दाबून खासगी खिडकी उघडावी. फायरफॉक्समध्ये एन ऐवजी पी दाबावे. तेथे पान नीट दिसले, तर ब्राउझरमध्ये साठलेल्या जुन्या फायली किंवा जोडलेले उपप्रोग्राम यांचा दोष आहे असे समजावे.

काळे पट्टे, लुकलुक व तुटक अक्षरे

जुन्या संगणकावर हा दोष विशेष आढळतो. २०११ च्या सुमारास ब्राउझरनी पान रंगवण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवण्यास सुरुवात केली. नव्या संगणकावर त्यामुळे वेग वाढतो. परंतु जुन्या चिपचा ड्रायव्हर कंपनीने वर्षानुवर्षे सुधारलेला नसतो. नव्या ब्राउझरची मागणी त्याला नीट पुरवता येत नाही आणि चित्र अर्धवट रंगवले जाते. यावर उपाय सोपा आहे. हे काम चिपकडून काढून मुख्य प्रोसेसरकडे द्यावे.

क्रोममध्ये : उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर क्लिक करून सेटिंग्ज उघडावे. डावीकडील यादीतून सिस्टीम निवडावे. 'यूज ग्राफिक्स ॲक्सिलरेशन व्हेन अव्हेलेबल' या ओळीसमोरील बटण बंद करावे. जुन्या आवृत्तीत ग्राफिक्सऐवजी हार्डवेअर असा शब्द असतो. नंतर रीलाँच दाबून ब्राउझर पुन्हा सुरू करावा. एजमध्येही सेटिंग्जमधील सिस्टीम या भागात अशीच ओळ आहे.

फायरफॉक्समध्ये : तीन आडव्या रेघांवर क्लिक करून सेटिंग्ज, जनरल व तेथून परफॉर्मन्स या भागात जावे. 'यूज रेकमेंडेड परफॉर्मन्स सेटिंग्ज' यावरील खूण काढावी. खाली 'यूज हार्डवेअर ॲक्सिलरेशन व्हेन अव्हेलेबल' ही ओळ दिसू लागते. तिचीही खूण काढून ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा.

पडदा इतका बिघडला असेल, की सेटिंग्जच वाचता येत नाहीत, तर शिफ्ट ही कळ दाबून धरून फायरफॉक्सच्या चिन्हावर दोनदा क्लिक करावे. ब्राउझर दोष शोधण्याच्या विशेष पद्धतीने सुरू करावयाचा का, असे विचारले जाते. होकार दिल्यास त्या वेळेपुरते ग्राफिक्स चिपचे साहाय्य व उपप्रोग्राम दोन्ही बंद राहतात आणि वरील बदल करता येतो.

या बदलानंतर चित्रफिती थोड्या अडखळत चालण्याची शक्यता असते. अर्ज, उतारे व भाव पाहण्यास त्याची अडचण येत नाही. ड्रायव्हर नवा घ्यावयाचा झाल्यास तो संगणक किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. 'तुमचे सर्व ड्रायव्हर मोफत सुधारतो' अशा जाहिरातींना भुलून कोणताही प्रोग्राम संगणकात घेऊ नये.

एकच पान विस्कटलेले दिसणे

प्रथम कंट्रोल व शून्य या कळा दाबाव्यात. नकळत पान लहान-मोठे झालेले असल्यास ते मूळ आकारात येते आणि पडद्याबाहेर गेलेले बटण पुष्कळदा यानेच सापडते. तरीही फरक न पडल्यास कंट्रोल व एफ ५ दाबून पान नव्याने मागवावे. मात्र अर्ज अर्धा भरून झालेला असल्यास ही कळ दाबू नये. भरलेली माहिती पुसली जाते. आधी माहिती साठवावी व अर्ज क्रमांक कागदावर लिहून घ्यावा.

याने काम न झाल्यास कंट्रोल, शिफ्ट व डिलीट दाबून फक्त साठवलेली चित्रे व फायली पुसाव्यात. पासवर्डसमोरील खूण राहू देऊ नये, अन्यथा तेही पुसले जातील. नको असलेले उपप्रोग्राम एकेक करून बंद करावेत व प्रत्येक वेळी पान तपासावे. सर्व एकदम बंद केल्यास दोष कशाचा होता, हे कळत नाही.

अनेक पाने कोरी किंवा मोडकी दिसणे

एकावर एक आलेले मजकूर, न दाबली जाणारी बटणे, नुसती फिरणारी चकती ही लक्षणे जुन्या ब्राउझरची असू शकतात. नवी संकेतस्थळे नव्या पद्धतीने लिहिली जातात. जुन्या ब्राउझरला त्या सूचना समजत नाहीत. विंडोज ७ व ८.१ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ ही आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून विंडोज १० आवश्यक झाले. फायरफॉक्सच्या बाबतीत या जुन्या विंडोजसाठी ११५ ही शेवटची मालिका ठरली. आपली आवृत्ती याहून मागची असेल, तर निदान तेथपर्यंत आणावी.

पानाऐवजी 'जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा वारंवार येत असेल, तर संगणकाची तारीख पाहावी. वीज गेल्यावर तारीख दरवेळी मागे जात असल्यास आतील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपलेली असते. बहुतेक संगणकांत ती सीआर २०३२ या क्रमांकाची असते व सहज बदलता येते. तारीख बरोबर असूनही इशारा आला, तर तो डावलून पुढे जाऊ नये.

मराठी अक्षरांऐवजी चौकटी

संपूर्ण मजकुराच्या जागी चौकटी दिसत असतील, तर देवनागरीचा युनिकोड फॉन्ट संगणकात नाही किंवा बिघडला आहे असे समजावे. विंडोज ७ मध्ये मंगल हा फॉन्ट मुळातच असतो. तो कोणी काढून टाकला आहे काय ते पाहावे. फक्त बाजारभावाच्या आकड्यापूर्वी चौकट येत असेल, तर तेथे रुपयाचे चिन्ह आहे. हे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले. विंडोज ७ हे २००९ चे असल्याने त्याच्या मूळ फॉन्टमध्ये ते नाही. आकडा बरोबर असतो, त्यामुळे काळजीचे कारण नाही.

रंग बदलणे व यंत्रातील दोष

निळ्या रंगाच्या टोकाची, १५ पिनांची केबल असलेल्या मॉनिटरवर रंगांचा दोष बहुधा केबलमुळे येतो. लाल, हिरवा व निळा हे रंग वेगवेगळ्या तारांतून येतात. निळ्याची तार तुटली तर पडदा पिवळसर, हिरव्याची तुटली तर जांभळट-गुलाबी आणि लालची तुटली तर हिरवट-निळा दिसतो. संगणक बंद करून केबल काढावी, वाकलेली पिन आहे का ते पाहावे व दोन्ही बाजूंचे स्क्रू घट्ट करावेत. शेजाऱ्याची केबल लावून पाहिल्यास खात्री होते.

संगणक सुरू होतानाच डाग दिसत असतील, तर प्रथम धूळ काढावी. मळणीच्या दिवसांत बारीक भुसा पंख्यात साचतो व चिप तापते. तास-दोन तास काम केल्यावरच दोष दिसू लागणे, हे तापण्याचे लक्षण आहे. प्लग काढून, झाकण उघडून मऊ ब्रशने धूळ झाडावी. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ओला फडका वापरू नये. मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसून पुन्हा नीट बसवल्यानेही पुष्कळदा गुण येतो. एवढे करूनही डाग राहिल्यास जाणकार दुरुस्तीकाराला दाखवावे व वरील परीक्षांचे निष्कर्ष त्यास सांगावेत.

खर्च कोठे थांबवावा?

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चा सर्वसाधारण मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पडदा स्वच्छ दिसू लागला म्हणजे संगणक सुरक्षित झाला, असे नव्हे. सुरक्षेच्या सुधारणा न मिळणाऱ्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत. भाव व हवामान पाहणे, उतारे छापणे, हिशेब ठेवणे यांसाठी तो वापरण्यास हरकत नाही. जाणकार व्यक्ती जवळ असल्यास अशा संगणकावर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवूनही त्याचे आयुष्य वाढवता येते. ग्राफिक्स चिप मुख्य पाटीवरच असून ती निकामी झाली असेल, तर मात्र दुरुस्तीचा खर्च व वापरलेल्या चांगल्या संगणकाची किंमत यांची तुलना करूनच निर्णय घ्यावा.

शेतकरी बंधू-भगिनींनी आणखी एक पथ्य पाळावे. अर्जाचे काम शेवटच्या दिवसासाठी ठेवू नये. चार दिवस आधी पान उघडून सर्व बटणे दिसतात का, हे पाहून ठेवावे. दोष आढळला, तर निदान करण्यास वेळ मिळतो. आणि संगणक दुरुस्त झालाच नाही, तरी मोबाईलवर किंवा जवळच्या सेवा केंद्रात जाऊन अर्ज मुदतीत भरता येतो.