शाळेच्या दप्तरातलं वय

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 2013 पासून देशभरातल्या तुरुंगांत जाऊन फाशीच्या 373 कैद्यांना गाठलं, त्यांच्या घरच्यांशीही ते बोलले. 2016च्या अहवालात दिसलं ते असं, की चारांतले जवळपास तीन कैदी गरीब घरांतले होते. याच कामातून उभ्या राहिलेल्या गटाने पुढे मोफत विधी साहाय्याच्या अनुच्छेदावरून ‘प्रोजेक्ट 39ए’ हे नाव घेतलं. चुकीची शिक्षा टाळायची तर कोर्टातल्या युक्तिवादाआधी माणसाची साधी चौकशी व्हायला हवी, आणि तिला लागणारा वेळ विद्यार्थी देऊ शकतात, हे या कामाचं खरं मोल आहे.

पुण्यातला खटला पाहा. 1994 साली एकाच घरात सात जणांचा खून झाला. त्यात बिकानेर जिल्ह्यातल्या एका आरोपीला फाशी झाली आणि 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. कागदोपत्री तो विशीतला होता. गावच्या शाळेच्या दप्तरात मात्र त्याची जन्मतारीख 1 फेब्रुवारी 1982, म्हणजे गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षं. अडचण अशी, की शाळेत नाव एक आणि खटल्यात दुसरं. दोन्ही नावांचा माणूस एकच, हे पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांच्या चौकशीत ठरलं. प्रोजेक्ट 39एच्या वकिलांनी ही बाजू लढवली आणि मार्च 2023मध्ये तो सुटला. कायद्याने तीनच वर्षं ठेवता आलं असतं, त्याने अठ्ठावीसहून जास्त भोगली.

कोणी म्हणेल, तो निर्दोष कुठे ठरला? नाही ठरला. पण बाराव्या वर्षी घडलेल्या गुन्ह्यासाठी फाशी सुनावणं ही चूकच, आणि निरपराध माणूस अडकतो तोही असाच, कोणी नीट विचारपूस न केल्यामुळे. मृतांच्या नातेवाइकांचा संताप मला समजतो. तरी चुकीच्या शिक्षेने त्यांना न्याय मिळत नाही. नवशिक्यांच्या हाती जीवनमरणाचा प्रश्न द्यावा का, ही शंका जास्त वजनाची आहे. अनुभवी वकिलाच्या देखरेखीशिवाय देऊच नये. पण गावी जाणं, शाळेचं दप्तर शोधणं, आईवडिलांशी बोलणं याला सनद लागत नाही. आणि हे खटला उभा राहण्याआधीच व्हावं. येरवडा आणि नागपूरच्या तुरुंगांत याच संस्थेने कच्च्या कैद्यांसाठी तरुण वकील आणि समाजकार्यकर्ते नेमले, ते मला म्हणूनच जास्त महत्त्वाचं वाटतं: तिथे शिक्षा अजून व्हायची असते.