अतिभार इशारा आणि स्वयंचलित भारकपात

अतिभार इशारा आणि स्वयंचलित भारकपात या वीज वितरण व्यवस्थेच्या संरक्षणाच्या दोन परस्परपूरक पद्धती आहेत. रोहित्र किंवा फीडर यांवरील भार मर्यादेच्या जवळ पोहोचला की पहिली पद्धत उपकेंद्रातील कर्मचाऱ्यांना सावध करते. परिस्थिती आवाक्याबाहेर गेल्यास दुसरी पद्धत मानवी हस्तक्षेपाविना काही ग्राहकांचा पुरवठा तोडून उरलेली व्यवस्था वाचवते. पूर्वनियोजित वेळापत्रकानुसार होणारे भारनियमन यापेक्षा वेगळे असते.

अतिभाराचा इशारा

अतिभारामुळे होणारी हानी मुख्यतः उष्णतेची असते. २०० केव्हीए क्षमतेच्या, ११ किलोव्होल्टचे ४३३ व्होल्ट करणाऱ्या रोहित्राचा कमी दाबाकडील पूर्णभार प्रवाह सुमारे २६७ अँपिअर असतो. प्रवाह त्याहून वाढला तरी रोहित्र लगेच निकामी होत नाही, कारण तेल तापण्यास वेळ लागतो. मात्र वेटोळ्यावरील कागदी आवरण झपाट्याने जीर्ण होऊ लागते. साध्या कागदाच्या बाबतीत वेटोळ्यातील सर्वांत उष्ण जागेचे तापमान ९८ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर दर ६ अंशांना जीर्ण होण्याचा वेग दुप्पट होतो, असे मानले जाते.

म्हणून मोठ्या रोहित्रांवरील तापमापकांना दोन पातळ्या नेमून देतात. पहिल्या पातळीला घंटा वाजते व दुसऱ्या पातळीला सर्किट ब्रेकर उघडतो. या दोहोंत भार दुसऱ्या फीडरवर वळवण्याइतका अवधी मिळावा, असे अंतर ठेवावे लागते. मोटर सुरू होताना क्षणभर वाढणाऱ्या प्रवाहाने खोटा इशारा मिळू नये म्हणून काही सेकंदांचा विलंब ठेवतात. इशारा थांबण्याची पातळी सुरू होण्याच्या पातळीपेक्षा थोडी खाली असते, अन्यथा मर्यादेच्या आसपास भार हेलकावत असताना घंटा सतत वाजत-थांबत राहते आणि कर्मचारी तिच्याकडे दुर्लक्ष करू लागतात.

वारंवारतेवर आधारित भारकपात

संपूर्ण ग्रिडमध्ये मागणी निर्मितीपेक्षा वाढली की जनित्रांची गती मंदावते आणि वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली घसरते. ती फार घसरल्यास टर्बाइनच्या पात्यांना हानी पोहोचू नये म्हणून जनित्रे स्वतःच बंद पडतात. त्यामुळे तूट आणखी वाढून ग्रिड कोसळू शकते. ही साखळी तोडण्यासाठी निवडक फीडरांवर अल्पवारंवारता रिले बसवतात. वारंवारतेच्या उतरत्या पातळ्या ठरवून प्रत्येक पातळीला भाराचा एकेक हिस्सा तोडला जातो. घसरण्याचा वेगच जास्त असेल, तर वेग मोजणारा रिले पातळी येण्याची वाट न पाहता कार्य करतो.

फीडरांची निवड महत्त्वाची असते. रुग्णालये व पाणीपुरवठा यांचे फीडर शक्यतो वगळतात. भारनियमनामुळे आधीच बंद असलेला फीडर तोडून काहीच साध्य होत नाही. दुपारच्या वेळी छतांवरील सौर पॅनेलमुळे फीडर वीज परत पाठवत असेल, तर तो तोडल्याने तूट उलट वाढते. त्यामुळे यादीचा वेळोवेळी आढावा घ्यावा लागतो.

भारतातील अनुभव

३० जुलै २०१२ रोजी पहाटे अतिभारित बीना–ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी तुटून उत्तर ग्रिड कोसळले. ३१ जुलैला दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य ही तिन्ही ग्रिड बंद पडून सुमारे ६० कोटी लोकांच्या भागात वीज गेली. पहिल्या दिवशी त्या वाहिनीवर दोष नव्हता. जड भारालाच रिलेने दूरचा दोष समजून ती तोडली होती. अल्पवारंवारता रिलेंकडून पुरेशी भारकपात झाली नसल्याचेही चौकशीत दिसून आले आणि हे रिले कार्यरत ठेवण्याची शिफारस करण्यात आली.

मुंबईसाठी ग्रिडपासून विलग होऊन स्थानिक निर्मितीवर चालण्याची योजना आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या बंद पडल्यावर हे विलगीकरण टिकले नाही आणि लोकल गाड्यांसह शहराचे व्यवहार थांबले. विलग झालेल्या भागात उरलेला भार उपलब्ध निर्मितीएवढाच असेल, तरच तो तग धरतो. त्यामुळे अशा योजनेचे यशही वेळेवर व पुरेशा प्रमाणात होणाऱ्या भारकपातीवर अवलंबून असते.