रस्त्यावर आलेले बँकॉक

बँकॉकचे रहिवासी आपल्या शहराला सहसा बँकॉक म्हणत नाहीत. त्यांच्या तोंडी नाव असते ‘क्रुंग थेप’. क्रुंग म्हणजे राजधानी आणि थेप म्हणजे देव. हे झाले आटोपशीर रूप. पूर्ण औपचारिक नाव रोमन लिपीत १६८ अक्षरांचे भरते. त्यात अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी असे शब्द एकापाठोपाठ येतात आणि शेवटी इंद्राच्या आज्ञेवरून विश्वकर्म्याने ही नगरी उभारली, असे म्हटलेले आहे. थाई लिपी संस्कृत-पाली शब्दांचे मूळ लेखन जपते आणि उच्चार मात्र आपल्या जिभेला सोयीचा करून घेते. त्यामुळे विमानतळाच्या पाटीवर ‘सुवर्णभूमि’ लिहिलेले असले, तरी टॅक्सीवाल्याला ‘सुवन्नफूम’ म्हटल्यावरच चटकन उमगते.

१७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने अयुथ्या उद्ध्वस्त केल्यावर राजा ताक्सिनने चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर, थोनबुरीला राजधानी नेली. १७८२ मध्ये पहिला राम या राजाने ती पूर्व काठावर हलवली. नव्या राजवाड्याच्या जागी चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. तिला खालच्या अंगाला साम्पेंगला जागा दिली गेली. आजचे चायनाटाउन तिथूनच वाढले. जमीन सखल आणि दलदलीची असल्याने शहर कालव्यांवर, म्हणजे ‘ख्लोंग’वर वसले. घरे खांबांवर किंवा तराफ्यांवर उभी, बाजार होड्यांत. युरोपीय प्रवाशांनी त्याला ‘पूर्वेचे व्हेनिस’ म्हटले. कालवे दिसले की त्यांना दुसरे काही सुचत नसे.

१८५५ च्या ब्रिटिश करारानंतर परदेशी व्यापारी आणि वाणिज्यदूत येथे राहू लागले आणि घोडागाडी फिरवायला रस्ता नाही, अशी तक्रार करू लागले. चौथ्या रामाने चारोएन क्रुंग हा रस्ता बांधायला घेतला आणि १८६४ मध्ये तो पूर्ण झाला. पुढे ट्राम आली, मग मोटारी आल्या आणि एकेक ख्लोंग भर घालून बुजवला गेला. ट्रामचे रूळही १९६८ मध्ये गेले.

आजच्या वाहतूककोंडीचे मूळ शेतांच्या आखणीतही आहे. मळे आणि भातखाचरे लांब, अरुंद पट्ट्यांची होती. त्यांच्या बांधांवरून आणि चरांवरून ‘सोई’ नावाच्या गल्ल्या पडल्या. मोठ्या रस्त्याच्या एका बाजूला सम क्रमांकाच्या, दुसऱ्या बाजूला विषम क्रमांकाच्या. त्यांतल्या कित्येक आत जाऊन बंद होतात, म्हणून सगळी वाहने पुन्हा त्याच मोजक्या हमरस्त्यांवर येऊन तुंबतात. सोईच्या तोंडाशी नारिंगी जाकिटे घातलेले मोटारसायकलवाले ताटकळत असतात. आतल्या घरापर्यंतचा शेवटचा टप्पा त्यांचाच.

डिसेंबर १९९९ मध्ये उन्नत रेल्वे आणि २००४ मध्ये भुयारी मेट्रो सुरू झाली. पाण्याचा हिशेब मात्र त्यामुळे मिटला नाही. भूजलाच्या उपशाने जमीन खचली आहे, पाणी मुरायला आणि वाहायला जागा उरलेली नाही. २०११ च्या महापुरात उत्तरेकडचा डॉन मुआंग विमानतळ पाण्याखाली गेला होता.

जुन्या जलमार्गांपैकी रोजच्या कामाला अजूनही उपयोगी पडतो तो सेन सेप कालवा. तिसऱ्या रामाच्या काळात, १८३७ ते १८४० दरम्यान, कंबोडियाकडच्या मोहिमेवर सैन्य आणि रसद नेण्यासाठी तो खोदला गेला. आता त्यावरून कारकून आणि विद्यार्थी जातात. बोट धक्क्याला लागते न लागते तोच माणसे उड्या टाकून आत शिरतात. तिकीट देणारा हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेने, दोरी धरून चालतो. समोरून दुसरी बोट आली की कडेचे प्रवासी दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर घेतात, कारण ते काळे पाणी अंगावर उडालेले कोणालाच नको असते. ठेंगणा पूल आला की छत खाली उतरवले जाते. समांतर जाणाऱ्या फेचबुरी रस्त्यावर मोटारी खोळंबलेल्या असताना बोट पुढे निघून जाते. फेचबुरीतला ‘फेच’ संस्कृत ‘वज्र’वरून आला आहे आणि ‘बुरी’ म्हणजे पुरी.

वाटेत प्रातुनाम लागते. प्रातु म्हणजे दार, नाम म्हणजे पाणी. कालव्याच्या जुन्या पाणदारावरून पडलेले हे नाव आता कपड्यांच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध आहे. पुढे जाणाऱ्याला तिथे बोट बदलावी लागते.